बोट बॅलार्ड पियरवरून, घर घोडबंदरला

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या क्रूझचं बुकिंग झालं की घरात कपड्यांची चर्चा होते, बोटीवरच्या जेवणाची होते, खिडकीची खोली घ्यावी की बाल्कनीची, याची होते. बंदरापर्यंत कसं जायचं, हे कोणी विचारत नाही. ‘मुंबईतच तर आहे, तासाभरात पोचू,’ असं ठाण्यात आणि नवी मुंबईत सगळेच धरून चालतात. नागपूरचं कुटुंब आदल्या दिवशीच येऊन राहतं, म्हणून निर्धास्त असतं. आपण जवळचे, म्हणून धोका आपल्यालाच जास्त.

विमान चुकलं तर पैसे जातात, पण दुसरं विमान मिळतं. बोट चुकली तर सहलच गेली. दोन-तीन रात्रींच्या क्रूझला पुढच्या बंदरात जाऊन गाठणं बहुतेक वेळा जमत नाही, आणि वेळेत न आलेल्या प्रवाशाला परतावा जवळपास कुठलीच कंपनी देत नाही. प्रवासविम्यावर भरवसा ठेवणार असाल तर पॉलिसी नीट वाचा. सार्वजनिक वाहनाला झालेला उशीर काही पॉलिसींमध्ये बसतो. स्वतःची गाडी बंदराच्या ऑरेंज गेटजवळ अडकली, हे कारण सहसा बसत नाही.

गेट एवढ्या आधी का बंद करतात, यावर लोक चिडतात. त्याला कारण आहे. समुद्रावरच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम २०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ बोटीच्या दुर्घटनेनंतर कडक झाले. २०१५पासून नव्या प्रवाशांची आपत्कालीन कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. म्हणजे त्याआधी प्रत्येक माणूस बोटीवर हवा, त्याचं नाव यादीत हवं आणि ती यादी बंदराकडे गेलेली हवी. बोट बंदराबाहेर काढायला बंदराचा पायलट (वाट दाखवणारा जाणकार) आणि टग (ओढणाऱ्या छोट्या बोटी) लागतात, त्यांचीही वेळ ठरलेली असते. चार माणसं सायनच्या पुलावर अडकली म्हणून हे सगळं थांबत नाही. बोट सुटायच्या साधारण दीड ते दोन तास आधी चेक-इन बंद होतं. तुमच्या तिकिटावर जी वेळ छापली असेल तीच खरी, आणि हिशेब तिथून उलटा करायचा.

समजा बोट संध्याकाळी ५ला सुटते, चेक-इन ३ला बंद होतं आणि वेब चेक-इनमध्ये तुम्हाला दुपारी १ ते २चा स्लॉट मिळालाय. मग बंदराच्या ग्रीन गेटवर सव्वा वाजता, सीएसएमटीच्या फलाटावर पाऊण वाजता, ठाण्याहून लोकल साडेअकराच्या सुमारास, आणि घोडबंदरच्या पातलीपाड्यातून घर सोडायचं साडेदहाला. स्लॉट उशिराचा मिळाला म्हणून घर उशिरा सोडू नका. लवकर पोचलात तर तासभर बसावं लागेल, एवढंच.

आता ठिकाण. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

क्रूझ जिथून सुटते ते मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल, बॅलार्ड पियर. नवीन इमारतीचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. आत जायचं ते बॅलार्ड इस्टेटच्या बाजूने, ग्रीन गेटमधून. पण नकाशात नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ टाकलं तर भाऊच्या धक्क्यावरचं डोमेस्टिक क्रूझ टर्मिनलही समोर येतं. मांडव्याची रो-रो बोट जिथून सुटते ते हे. गोव्याची सहल देशांतर्गत, म्हणजे ‘डोमेस्टिक’ टर्मिनलच आपलं, असा सरळ विचार करून माणसं माझगावला जाऊन उभी राहतात. दोन ठिकाणांत अंतर तीनेक किलोमीटरच आहे, पण मधे पी. डिमेलो रोडचे ट्रक आहेत. बोट देशांतर्गत असली तरी टर्मिनल इंटरनॅशनलच, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः वेगळ्या गाडीने येणाऱ्या मामा-मावशींना.

दुसरा घोळ गेटांचा. बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत: ऑरेंज, यलो, रेड, ग्रीन. फ्रीवेवरून (पूर्व मुक्त मार्गावरून) खाली उतरलात की आधी ऑरेंज गेटचा परिसर लागतो. ड्रायव्हरला ‘पोर्टचं गेट’ एवढंच सांगितलं तर तो तिथेच विचारेल, ‘इथेच ना?’ इथे नाही. पी. डिमेलो रोडने तसंच पुढे बॅलार्ड इस्टेटपर्यंत यायचं. आणि ग्रीन गेट चुकवून सरळ गेलात तर पुढे नौदलाच्या गोदीची गेटं लागतात, टायगर गेट, लायन गेट. तिथे गाडी उभी करून चौकशी करत बसण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरला सांगायचं वाक्य एकच: ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट.’ जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याला एवढं पुरतं.

(पूर्वी बॅलार्ड पियरवर चक्क रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल नावाचं. विलायतेच्या बोटीतून उतरलेला माणूस बाजूच्याच फलाटावरून गाडीत बसून थेट उत्तरेला जायचा. आज त्याच जागी जायला सीएसएमटीहून टॅक्सी शोधावी लागते. ते स्टेशन असायला हवं होतं, असं प्रत्येक वेळी वाटतं.)

लोकलने

सामान असूनही मी बहुतेकांना लोकलच सुचवेन, पण वार बघून. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते साडेदहा बॅग घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत चढायचं नाही. आपल्याला त्रास होतो तो होतोच, रोज कामावर जाणाऱ्यांना त्याहून जास्त. सुदैवाने क्रूझचं चेक-इन बहुधा दुपारचं असतं, त्यामुळे अकरानंतरची गाडी चालते आणि तेव्हा डबा मोकळा असतो. कामाच्या दिवशी अकरा ते चार ही लोकलची सगळ्यात चांगली वेळ.

आणि रविवारी अकरा ते चार ही सगळ्यात वाईट. कारण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग काही तास बंद ठेवणं. मध्य रेल्वेचा ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो, म्हणजे तुमच्या चेक-इनच्या वेळेवर बरोब्बर बसतो. मेन लाइनला माटुंगा–मुलुंड ब्लॉक असेल तर फास्ट गाड्या स्लो मार्गावर येतात आणि दहा-पंधरा मिनिटं, कधी जास्त, उशिरा धावतात. हे सहन होण्यासारखं आहे. हार्बरचं, म्हणजे नवी मुंबईकडच्या मार्गाचं, तसं नाही. तिथे ब्लॉक असला की सीएसएमटी ते चुनाभट्टी किंवा पनवेल ते वाशी असा अख्खा तुकडाच बंद असतो. नेरूळ, बेलापूर, खारघरच्या माणसाने रविवारची बोट असेल तर आधी हेच बघायचं. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, शनिवारच्या पेपरात असतं. बोट रविवारची आणि हार्बरवर ब्लॉक, तर सकाळी दहाच्या आत सीएसएमटी गाठा किंवा गाडी करा. मधला मार्ग शोधत बसू नका.

ठाण्याहून जाताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कल्याण, बदलापूर, कसाऱ्याकडून येणारी फास्ट ठाण्यात भरूनच येते. ती पाऊण तासाच्या आसपास सीएसएमटीला नेते. ठाण्यातूनच सुटणारी स्लो लोकल तासभर घेते, पण ती रिकामी लागते. बॅग शांतपणे वर ठेवता येते, आजीला खिडकी मिळते आणि भायखळ्यापासून दाराकडे सरकायची धडपड करावी लागत नाही, कारण सीएसएमटी शेवटचं स्टेशन. सामानासह प्रवासात वाचलेल्या पंधरा मिनिटांपेक्षा मिळालेली जागा मोलाची. नवी मुंबईतही तसंच: पनवेल, बेलापूर किंवा वाशीहून सुटणारी गाडी बघून निघा.

बॅगेचा आकार इथेच ठरतो. लोकलच्या वरच्या फळीवर २२ इंची बॅग आडवी बसते. २८ इंची बसत नाही. ती दोन बाकांच्या मधे किंवा दाराजवळ उभी राहते, प्रत्येक स्टेशनला कोणाच्या तरी गुडघ्याला लागते आणि ‘बॅग बाजूला घ्या’ हे सीएसएमटीपर्यंत ऐकावं लागतं. दोघांत एक मोठी घेण्यापेक्षा प्रत्येकी एक लहान घ्या. दोन-तीन रात्रींना तेवढी पुरते.

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरण्याच्या लोकांना गाडी बदलावीच लागते, ठाण्यात नाहीतर वाशीकडे. ठाण्यात ट्रान्स-हार्बरचे (ठाणे–नवी मुंबई मार्गाचे) फलाट एका टोकाला आणि मुंबईची स्लो दुसऱ्या टोकाला, मधे पूल चढायचा-उतरायचा. फास्ट गाड्यांचा पाच-सहा नंबरचा फलाट २०२४च्या जूनमध्ये रुंद केला, त्यामुळे बॅग घेऊन उभं राहायला आता बरं पडतं, पण गर्दी तीच आहे. सामान जास्त असेल तर या पट्ट्यातल्या चौघांनी सरळ गाडी करावी. ऐरोली पुलावरून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागता येतं आणि हलक्या वाहनांना मुंबईच्या वेशीवरचा टोल १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून माफ आहे.

सीएसएमटीला उतरल्यावर समोरच्या मोठ्या दाराने बाहेर पडून सबवेत शिरू नका. सबवेला पायऱ्या आहेत, सामान उचलून उतरायचं, परत चढायचं, आणि आपण उलट्या बाजूला निघतो. लोकलच्या फलाटांवरून मेल-एक्स्प्रेसच्या बाजूला या आणि १८ नंबर फलाटाकडून पी. डिमेलो रोडवर बाहेर पडा. स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्याने पत्रे लावलेले आहेत, वाट थोडी वाकडी झाली तर तयारी ठेवा. तिथून ग्रीन गेट दीड किलोमीटरच्या आसपास.

आणि हा दीड किलोमीटरच सगळ्यात जास्त सतावतो. टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये आहे, तेही दीड किलोमीटरसाठी. एवढ्या जवळचं भाडं बरेच टॅक्सीवाले नाकारतात. ठाण्याची सवय म्हणून रिक्षा शोधू नका. शहर भागात रिक्षा येतच नाहीत. नंबराने टॅक्सी मिळते त्या रांगेत उभे राहा, मीटरने जायचं म्हणा, हवं तर वर थोडे पैसे देऊ असं आधीच सांगा. सामान हलकं असेल आणि पाय चांगले असतील तर चालत जा. जीपीओच्या बाजूने वालचंद हिराचंद मार्ग धरला की तो बॅलार्ड इस्टेटमध्ये नेतो. वीस मिनिटं लागतात, फूटपाथ रुंद आहेत, झाडं आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हा प्रयोग नको.

रस्त्याने

ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने छेडानगर, तिथून डावीकडे घाटकोपर–मानखुर्द लिंक रोड आणि मग पूर्व मुक्त मार्ग, म्हणजे आपला फ्रीवे. जवळजवळ १७ किलोमीटरचा हा रस्ता थेट पी. डिमेलो रोडवर सोडतो, सिग्नल नाही. वाशीकडून येणारे मानखुर्द ओलांडून पांजरापोळजवळ फ्रीवेला लागतात. शनिवारी सकाळी साडेसहाला निघालात तर तासाभरात पोचता. कामाच्या दिवशी सकाळी नऊला निघालात तर दोन तास धरा, आणि वर अर्धा तास हाताशी ठेवा.

अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. घोडबंदरवाल्यांना घराबाहेर पडल्यापासून कापूरबावडीपर्यंत मेट्रोचं काम. मग तीन हात नाका, आनंदनगर. पुढे विक्रोळी-घाटकोपर, कारण फ्रीवे ठाण्यापर्यंत नेण्याचं उन्नत मार्गाचं काम चालू आहे. शेवटचा अडथळा फ्रीवेच्या खाली उतरताना. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम तिथेच आहे, आणि गोदीचे ट्रकही तिथेच. सतरा किलोमीटर पंधरा मिनिटांत आणि शेवटचे दोन किलोमीटर अर्ध्या तासात, हे नेहमीचं. फ्रीवेवर असताना नकाशा ‘१२ मिनिटं’ दाखवत असेल तर त्यावर विसंबून वाटेत चहाला थांबू नका.

उलवे, सीवूड्स, बेलापूर, पनवेलच्या लोकांना अटल सेतू आहे. १२ जानेवारी २०२४ला सुरू झाल्यापासून या भागासाठी बंदर खरंच जवळ आलं. सेतूवरून शिवडीला उतरताच फ्रीवे मिळतो. टोल मात्र आहे, मोटारीला एका वेळचे २०० ते २५० रुपये, कुठून चढता त्यावर. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. उलव्याच्या माणसाने दुसरा कुठलाही मार्ग विचारात घेऊ नये. वाशी-सानपाड्याच्या माणसाने मात्र सेतूपर्यंत उलटं खाली जाण्यापेक्षा सायन–पनवेल महामार्ग धरावा; शिवाजी चौकातून पाम बीचने उलवे गाठण्यात वाचवलेला वेळ जातो.

स्वतःची गाडी नेऊन बंदरात तीन-चार दिवस ठेवायचा विचार असेल तर आधी क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या. फोर्टमधल्या पे अँड पार्कमध्ये इतक्या दिवसांचं भाडं दोन वेळच्या कॅबपेक्षा जास्त होतं. गाडी सोसायटीतच बरी. सोडायला येणाऱ्यांनाही सांगून ठेवा की गेटच्या आत त्यांना येता येणार नाही. बंदराच्या सुरक्षेला सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं सुरक्षा दल आहे. हातात बुकिंग आणि ओळखपत्र असलेला माणूसच पुढे जातो. रुमाल हलवणं ग्रीन गेटबाहेरच.

हॉटेल घ्यायचं का?

ठाणे-नवी मुंबईकराने सरसकट हॉटेल घेऊ नये. कामाच्या दिवशी दुपारचं चेक-इन असेल, घरात सगळी धडधाकट माणसं असतील तर आपल्या घरात झोपा, ते पैसे बोटीवर वापरा. पण काही वेळा आदल्या रात्रीची खोली खरंच गरजेची असते. रविवारी हार्बरवर ब्लॉक असेल तेव्हा. ऐंशीच्या घरातले आई-वडील किंवा तान्हं मूल बरोबर असेल तेव्हा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, कारण मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीपासूनच सुटते आणि पहाटेपासून दुपारपर्यंत फोर्ट-मरीन ड्राइव्हचे रस्ते बंद असतात. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात. क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते मे असल्यामुळे पावसाची आठवण कोणाला होत नाही, पण २०२५मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच दाखल झाला होता.

खोली घ्यायचीच तर फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमध्ये. कुलाब्याचा मोह टाळा. नकाशावर अंतर कमी दिसतं, पण शनिवार-रविवारी कॉजवेवरून टॅक्सी बाहेर पडायलाच वीस मिनिटं लागतात.

फोर्टातल्या कमी दरातल्या खोल्या जुन्या इमारतींत असतात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. फोटोत खोली छान दिसते, जिना दिसत नाही. लाकडी, उंच पायऱ्यांचा, मधे वळणारा. लिफ्ट असली तर जाळीच्या दाराची, दोन माणसं मावणारी; एक माणूस आणि एक बॅग शिरली की भरली. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच चार-पाच पायऱ्या असतात. म्हणून फोन करून तीन प्रश्न विचारा: लिफ्ट रिसेप्शनच्या मजल्यावर थांबते का, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, आणि चेक-आउटनंतर सामान दोन तास ठेवाल का. चेक-आउट अकराला आणि तुमचा स्लॉट एकचा, हे दोन तास कुठे काढायचे हा प्रश्न येतोच.

चौथा प्रश्न खास आपल्यासाठी: ‘लोकल आयडी चालतं का?’ मुंबई-ठाण्याचा पत्ता असलेलं आधार दाखवलं की काही हॉटेलं खोली देत नाहीत. पैसे भरून झालेले असले तरी नाही. असा कायदा नाही, हॉटेलचा स्वतःचा नियम असतो, आणि रात्री दहाला काउंटरवर वाद घालून तो बदलत नाही. नवरा-बायको असोत, आई-मुलगा असो, ठाण्याचं आधार म्हणजे स्थानिक. बुकिंग करतानाच मेसेजवर ‘चालेल’ असं लेखी घ्या. दर बघताना कर मिळवून बघा: २२ सप्टेंबर २०२५पासून रात्रीचे ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी, त्याहून वरच्यावर १८. आठ हजारांची खोली सात हजार चारशेच्या खोलीपेक्षा सहाशेने नव्हे, जवळजवळ सतराशेने महाग पडते.

बाहेरगावचे नातेवाईक बरोबर येणार असतील तर हिशेब वेगळा. पुणे, सातारा, कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी वाशी, बेलापूर किंवा खारघरला उतरावं. इथली बरीच हॉटेलं कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी दर उतरलेले मिळतात. अपवाद नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असेल तेव्हा. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेच्या दिवसांत नवी मुंबईत खोली मिळणं मुश्किल झालं होतं. तारीख ठरवताना स्टेडियमचा कार्यक्रम जरूर बघा. नाशिककडचे लोक ठाण्यात राहू शकतात, स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल बघून. घोडबंदरवरचं मोठं हॉटेल दिसायला स्वस्त, पण सकाळी स्टेशनपर्यंतच पाऊण तास जातो. पंचवटी किंवा डेक्कन क्वीनने त्याच दिवशी सकाळी यायचा बेत वेळापत्रकात बसतो, दोन्ही अकराच्या आत सीएसएमटीला येतात. पण कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात एखादी मालगाडी बंद पडली की सगळं कोलमडतं. माझं मत, तसं करू नये. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणाऱ्यांना सीएसएमटीचं क्लोकरूम उपयोगी. तिथे तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत. दहा-वीस रुपयांचं छोटं कुलूप घरूनच लावून आणायला सांगा.

विमानाने येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२५पासून ती कफ परेडपर्यंत जाते, विमानतळाच्या टी-२ स्टेशनवरून सीएसएमटीला थेट. नवी मुंबई विमानतळावर उतरणाऱ्यांनी अटल सेतू.

गेटच्या आत

ओळखपत्र मूळ हवं, मोबाईलमधला फोटो नको. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का हे बुकिंगच्याच दिवशी बघा. लग्नाआधीचं आडनाव आधारवर आणि नंतरचं तिकिटावर, हा नेहमीचा घोळ आहे, आणि तो काउंटरवर नाही सुटत. मुलांचंही आधार किंवा जन्मदाखला घ्या. सहा महिन्यांखालचं बाळ आणि २४ आठवड्यांपुढच्या गरोदर बाईला बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. अटी पैसे भरण्याआधी वाचायच्या.

मोठी बॅग टॅग लावून खालीच द्यायची असते. ती खोलीच्या दाराशी यायला दोन-चार तास लागतात. म्हणून औषधं, चष्मा, चार्जर, मुलांचे एक जोडी कपडे आणि पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, पाण्याची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, सुरी यांतलं काही मोठ्या बॅगेत निघालं तर बॅग अडवून ठेवतात आणि तुम्हाला खाली बोलावतात. दिवाळीतल्या बोटीला निघताना पणत्या-मेणबत्त्या नकळत बॅगेत येतात, तेवढं तपासा.

घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक बोटींवर चढवू देत नाहीत. थालीपीठं, दही-भाताचा डबा वाटेतच संपवायचा. सीएसएमटीवर उतरून खायला काही ना काही मिळतं, समोर ‘आराम’ नावाच्या हॉटेलात वडापाव मिळतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये पोचल्यावर बघू, असं मात्र म्हणू नका. हा सगळा कचेऱ्यांचा भाग. रविवारी रस्ते सुंदर असतात आणि दुकानं बंद. इथल्या ब्रिटानिया रेस्टॉरंटचा बेरी पुलाव कामाच्या दिवशी, दुपारीच. मधुमेह असलेल्या माणसाला चेक-इनच्या रांगेत दीड तास उभं राहावं लागू शकतं, तेव्हा बिस्किटाचा पुडा हाताशी असू द्या.

परतताना

बोट सकाळी लागते, पण लागली की लगेच उतरता येत नाही. मजल्यांप्रमाणे पाळी येते. आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवल्या तर त्या खाली टर्मिनलमध्ये शोधाव्या लागतात. लोकलने जायचं असेल आणि बॅग २२ इंची असेल तर ती स्वतःजवळच ठेवा आणि पहिल्या पाळीत उतरा. रविवारी परत येत असाल तर हे करावंच, कारण ब्लॉक सुरू होण्याआधी गाडी मिळते.

गेटच्या तोंडावर उभ्या असलेल्या गाड्या ठाण्याचं भाडं मनाला येईल ते सांगतात. पाच मिनिटं चालत बॅलार्ड इस्टेटच्या आतल्या रस्त्यावर या आणि तिथून ॲपवर कॅब बोलवा, किंवा टॅक्सीने सीएसएमटी. कामाच्या दिवशी सकाळी नऊला सगळी मुंबई सीएसएमटीला उतरत असते आणि ठाण्या-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या सुटतात. समोरून येणारा लोंढा ओसरेपर्यंत फलाटाच्या टोकाला दोन मिनिटं थांबा, मग बॅग वर ठेवा. घाटकोपरपर्यंत पाय लांब करून बसता येतं.